साडेदहा ते साडेपाच

एका हातात चहाचं पातेलं, दुसऱ्या हातात गाळणी, म्हणून क्रांतीने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता. पलीकडची बाई रडत नव्हती. लांबून चालत आल्यासारखी धापा टाकत ती एवढंच म्हणत होती, "अण्णास्नी द्या. ज्ञानूअण्णास्नी द्या जरा."

"कोण बोलताय तुमी?"

"कबनूरातनं. नागाप्पाची अक्काताई."

नागाप्पा म्हणजे सासऱ्यांचा यंत्रमाग कारखान्यातला जुना सोबती, एवढं क्रांतीला ठाऊक होतं. तिने फोन सोप्यात नेऊन दिला. सासरे, ज्यांना ती मामा म्हणायची, कॉटवर बसलेले होते. अंथरुणाची घडी मोडलेली नव्हती. त्यांनी फोन कानाला लावला, बराच वेळ नुसतं ऐकलं आणि मग एकच गोष्ट विचारली.

"माग थांबलं हुतं का?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"आठीच्या आठी?"

पुन्हा काहीतरी. मामांनी फोन क्रांतीकडे दिला. एस.टी. गेली असं सांगावं तसं ते म्हणाले, "नागाप्पा गेला. राच्च्याला, कारखान्यातच. सकाळपाळीची माणसं आली तवा दिसला."

"आगं बाई गं." क्रांतीने फोन खाली ठेवला. मग तोंडातून निघून गेलं, "आन माणूस गेल्यावर मागाचं काय इचारताय मामा?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. तिच्यावरून त्यांची नजर टीव्हीवरच्या फळीवर गेली. तिथे वायफायचा डबा होता, त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. साडेपाचला ते आपोआप लागले होते, ठरल्याप्रमाणे. मामा त्या दिव्यांकडे इतका वेळ बघत राहिले की क्रांतीनेही वळून पाहिलं. तिला काही कळलं नाही.

*

हे दिवे ठरवून बंद करायला लागून तीनच रात्री झाल्या होत्या.

बुधवारी लेकीच्या, तेजस्वीच्या बाईंनी शाळेत बोलावून घेतलं होतं. पोरगी सातवीत, हुशार, पण दुपारच्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपते. पोरीच्या पांघरुणातला उजेड तिने दोनदा पाहिला होता आणि दोनदा स्वतःची समजूत घातली होती. त्या संध्याकाळी कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे तिने नेटवाल्याच्या ॲपमध्ये शोधून शोधून ते पान काढलं. बंद, रात्री साडेदहा. चालू, सकाळी साडेपाच. रोज. बटण दाबलं आणि तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. ना ओरडणं, ना फोन हिसकावणं. घर आपलं आपण झोपेल.

जेवताना तिने जाहीर केलं.

"बेस्ट केलंस," तिचा नवरा विश्वजित म्हणाला. तो शिरोलीच्या फौंड्रीत होता, भाकरी मोडतानाही त्याचा अंगठा फोनवर असायचा. "माझंबी सुटंल त्या निमित्तानं."

"मम्मी, जेलमदीबी एवढं नसतंय," तेजस्वी म्हणाली.

"जेलात जाऊन आलीस व्हय? गप जेव."

मामा खाली मान घालून जेवत होते. जरा वेळाने म्हणाले, "रातभर बंद?"

"व्हय मामा. माणसांनी झोपायला नको का?"

"न्हाय, ते बराबर हाय." त्यांनी आमटीत भाकरी चुरली. "एखादं कोपऱ्यातलं... एखादं चालू ठेवाय येतंय का?"

सगळे हसले. क्रांती सगळ्यांत जास्त. "मामा, तुमालाबी नेटचं याड लागलं की. रातभर कुस्त्या बगत बसतासा ते काय मला म्हाईत न्हाय व्हय?"

मामाही हसले. "बरं," म्हणाले.

तिला खरंच तसं वाटत होतं. रात्री पाणी प्यायला उठली की मामांच्या उशाशी तेजस्वीचा जुना फोन दिसायचा, काचेला तडा गेलेला, सिमकार्ड नसलेला, नुसत्या वायफायवर चालणारा. त्यांचा स्वतःचा बटणांचा फोन दिवाळीत पाण्याच्या टाकीत पडला तो गेलाच. "मला कुणाला लावायचाय?" म्हणून त्यांनी दुसरा घेतला नव्हता. एका कानात वायर घालून, भिंतीकडे तोंड करून ते पडलेले असायचे. म्हातारपणी एवढा नाद बरा नव्हे, असं मनात म्हणत ती झोपायला जायची.

गुरुवारी रात्री दहाच्या सुमाराला भांडी पुसताना त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडलं होतं. "दोन-तीन दिस निभाव गड्या. ऐतवारी बाजारातनं बटनाचा फोन घिऊनच येतो." कुणाशी, कशाबद्दल, तिने विचारलं नाही. हातात ताटं होती.

आज शनिवार होता.

*

विश्वजित पहिल्या पाळीला गेलेला, तेजस्वीची सकाळची शाळा. क्रांतीने स्कूटी काढली. "मी येतो तुमच्यासंगं," ती म्हणाली. मामा मागे बसले. एरवी ते वाटेत ऊस कुणाचा, पाणी कुणाचं, सगळं सांगत असत. आज घरचं उचगाव सुटल्यापासून कबनूर येईस्तोवर ते खाली रस्त्याकडेच बघत बसले. फक्त हातकणंगले मागे पडल्यावर, कुठूनसा मागांचा खडखडाट यायला लागला, तेव्हा तिच्या खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट झाला.

नागाप्पांना घरासमोर बसवलं होतं. त्यांच्या लिंगायत समाजात निजवत नाहीत, मांडी घालून बसवतात. पाठीला फळी, कपाळाला विभूती, गळ्यात हार. पाळी संपवून जरा टेकलेल्या माणसासारखे ते दिसत होते. मामा समोर जाऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडले नाहीत. वाकून नागाप्पांच्या कानावर अडकलेला सुताचा पांढरा धागा तेवढा काढला आणि खिशात घातला.

अक्काताई बायकांतून उठून आली. मामांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "अण्णा, तुमी बगत हुतासा म्हणून मी झोपत हुतो."

क्रांतीला वाटलं, दुःखात माणूस काहीबाही बोलतं. अक्काताईला तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं.

"तू सून नव्हं? तुला म्हाईत न्हाय व्हय?" ती म्हणाली. "ह्यास्नी चक्कर यायची गं. दोन वर्साखाली मागाजवळ पडलं, तवा अण्णांनी तोंडात साखर घातली, पानी मारलं, मालकाला कळू दिलं न्हाय. कळलं असतं तर काम गेलं असतं. तवा दोघं जोडीला हुते. एकानं घटकाभर पाठ टेकायची, दुसऱ्यानं आठी माग बगायचं. अण्णांचं गुडघं गेलं, ते घरी बसलं, हे एकलं पडलं. तवापासनं रोज राच्च्याला फोन लावून खिडकीत ठेवायचं. अण्णा तकडनं ऐकत पडायचं. मागाचा आवाज बदलला की हाळी मारायचं, हे बोललं न्हाईत तर मालकास्नी लावायचा. दीड वरीस झालं. एक रात खाडा न्हाय."

क्रांतीने मामांकडे पाहिलं.

"आन नेमकं ह्याच टायमाला," अक्काताई म्हणाली, "नेट बिघडलं म्हणं तुमच्याकडचं. हेच म्हणालं मला. ज्ञानूच्या घरचं नेट बिघडलंय, ऐतवारपत्तूर जोडी न्हाय."

क्रांतीने तोंड उघडलं. काय बोलणार होती तिला माहीत नव्हतं, पण बोलणार होती. बिघडलं नव्हतं, मी बंद केलं, मी हसले, असं काहीतरी.

"व्हय," मामा आधीच म्हणाले. "बिघडलं हुतं."

*

माती झाल्यावर सगळे घराकडे वळले, मामा कारखान्याकडे. क्रांती मागोमाग गेली.

मालक दारातच खुर्ची टाकून बसला होता. उठून उभा राहिला. "ज्ञानूमामा, आज बंदच ठेवलाय कारखाना."

"ठेवा की. ठेवायचाच." मामांनी चपला काढल्या. "तीन नंबरच्या मागावर कापडाचा ताका ऱ्हायलाय काय?"

"असंल हातभर."

"तेवढा काढतो. जोडीदाराचा ताका अर्धा सोडत न्हाईत."

मालकाने क्रांतीकडे पाहिलं, मग बाजूला झाला.

आत दुपार असून अंधार होता. आठ माग दोन ओळींत उभे होते, त्यांच्यावर सुताची पांढरी पिंज बसली होती. खिडकीत विटेचा तुकडा होता, फोन टेकवण्यापुरता. क्रांती त्या विटेकडे बघत राहिली. दीड वर्ष त्यांच्या सोप्यातल्या उशीचं दुसरं टोक हे होतं.

मामांनी तिसऱ्या मागावर हात फिरवला, आडवा धागा नेणारा धोटा काढला, त्यातली रिकामी कांडी बाहेर घेतली. बोटाएवढी लाकडी कांडी. धागा संपलेला.

"ही अशी संपती," ते म्हणाले. "पाच-सा मिन्टं चालती एक कांडी. संपली, आन कुणी बदलली न्हाय, की माग आपसूक थांबतोय."

क्रांतीने हिशेब केला. करायचा नव्हता, पण झाला. आठ माग, प्रत्येकी पाच-सहा मिनिटं. माणूस पडल्यावर ते एकामागून एक गप्प होत गेले असणार. पाच-सहा मिनिटांत सगळा कारखाना चिडीचूप. आणि उचगावात, उशाशी, एका कानात वायर घातलेल्या माणसाला...

"मामा, तुमाला कळलं असतं."

"कळलं असतं."

"मग ते..." तिने पुन्हा त्या विटेकडे पाहिलं. "वाचलं असतं?"

मामांनी नवी कांडी धोट्यात बसवली, तोंडाने धागा ओढून घेतला. मग म्हणाले, "ते मला म्हाईत न्हाय पोरी. डॉक्टरलाबी म्हाईत न्हाय. कळलं असतं, एवढंच."

"मला सांगितलं का न्हाईसा? त्या दिशी जेवताना. एक शबुद टाकला असतासा तर..."

"त्येनं शपत घातलीती, कुणाला सांगायचं न्हाय. एकाच्या तोंडनं दुसऱ्याच्या, मालकापत्तूर जातंय." ते थांबले. "आन तुझं तरी काय चुकलं? पोरगी झोपायला पायजेच की. चार रातींचा सवाल हुता. मला वाटलं, निभंल."

क्रांती रडली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे कोरडे होते आणि कानात काहीतरी सारखं वाजत होतं, ते काय हे तिला उमगलं. जेवणाच्या ताटावर सगळे हसले होते, ते हसणं.

मामांनी दांडा ओढला. माग सुरू झाला.

आवाज छातीवर आदळला. ती दोन पावलं मागे सरली. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, डोळ्यांना दिसू नये इतका झरझर, आणि पलीकडे कापड मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होतं. मामा उभे राहून बघत होते. एक कांडी संपली, बदलली. दुसरी संपली, बदलली. त्यांचे गुडघे थरथरायला लागले होते. डोळ्यांखाली काळं झालं होतं. क्रांतीच्या आता लक्षात आलं, सकाळी न मोडलेली ती अंथरुणाची घडी काल एका रात्रीची नव्हती. तीन रात्री हा माणूस वायर कानात घालून मुक्या फोनशेजारी बसला होता.

तिसरी कांडी घालून ते भिंतीशी पडलेल्या पोत्यांवर टेकले. हाताने तिला जवळ बोलावलं. ओरडून बोलावं लागत होतं.

"ही कांडी संपस्तवर डोळं मिटतो. तू बग."

"मला काय कळतंय ह्यातलं?"

"बगायचं काय नसतंय. ऐकायचं. आवाज बदलला की हाळी मार."

"बदललेला कळंल का मला?"

"कळतोय," मामा म्हणाले आणि भिंतीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले. एवढ्या खडखडाटात दहा श्वासांत त्यांना झोप लागली. तान्ह्या तेजस्वीला अंगाईने लागायची तशी.

क्रांती उभी राहिली. पर्समधला फोन थरथरला, शाळा सुटली असणार. तिने हात लावला नाही. ती आवाज ऐकत होती आणि मामांच्या छातीचं वरखाली होणं बघत होती. पायाला मुंग्या आल्या तरी तिने पाय बदलला नाही. इतक्या जिवाने तिने आयुष्यात काही ऐकलं नव्हतं, ताप आलेल्या पोरीचा श्वासही नव्हे.

मग खट् झालं, आणि माग थांबला.

"मामा," ती म्हणाली.

ते हलले नाहीत.

"मामा." ती गुडघ्यांवर बसली, त्यांच्या खांद्याला हात लावला. "मामा, उठा. मामा."

त्यांनी डोळे उघडले. क्षणभर ते कुठे आहेत हे त्यांना कळलं नाही. मग मागाकडे बघत त्यांनी विचारलं, "किती येळ झाला थांबून?"

"आत्ताच," क्रांती म्हणाली. "आत्ताच थांबला, मामा."

ते तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि त्यांनी नवी कांडी घेतली.