विसी ड्रायव्हरच्या व्हेपोरायझरची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना व्हेपोरायझर आहे. नाव ऐकून दचकू नका, आणि उत्सुकतेने हातही पुढे करू नका. मी मोठ्या माणसांच्या कामाचा, आणि मोठ्या माणसांनाही माझ्यापायी काय भोगावं लागलं तेच आज सांगायला बसलो आहे. माझ्या पोटात अंगठ्याच्या पेराएवढी भट्टी आहे. तीत सुकलं फूल चुरून घालतात. मी ते जाळत नाही, नुसतं तापवतो आणि वरच्या तोटीतून त्याची वाफ देतो. धूर नाही, राख नाही. जवळजवळ सात वर्षं हेच केलं. आता दमलो हो, खरंच दमलो.

माझा जन्म दक्षिण जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने माझ्या भट्टीत चिमुकली जाळी बसवली, मला दोनशे दहा अंशांपर्यंत तापवून पाहिलं आणि म्हणाली, "हा चांगला आहे. पुढचा द्या." एवढंच कौतुक, पण मी त्यावर बरीच वर्षं काढली.

मला विकत घेतलं सीमेपलीकडच्या डोंगराळ देशात, मार्लिस इमहोफने, नवऱ्याच्या वाढदिवसाला. नवरा आलोइस, पण सगळं खोरं त्याला विसी म्हणायचं. स्टेशनपासून डोंगरातल्या शेवटच्या गावापर्यंत पिवळी बस नेणं हे त्याचं काम. त्यात त्याच्या पाठीचा पार भुगा झाला होता, आणि वर दिवसाला वीस सिगारेटी. डॉक्टरने सिगारेटी सोडायला सांगितल्या तेव्हा मार्लिसने मला आणलं.

विसीने मला उलटासुलटा करून पाहिलं. "हे काय, दाढीचं यंत्र?"

"दाढीचंच समज," मार्लिस म्हणाली. "फक्त गालाला नको लावू, तोंडात धर."

फूल पुरवायचा नोल्डी, विसीचा शाळेपासूनचा मित्र. त्याने बटाट्याच्या निम्म्या शेतात हेम्प लावला होता. हे झाड गांजाच्याच कुळातलं, पण त्याची सोवळी बहीण म्हणा. नशेचा अंश शंभरात एकाहूनही कमी, आणि सीबीडी नावाचं दुसरं द्रव्य भरपूर. इकडे ते स्टेशनवरच्या टपरीतही च्युइंगगमशेजारी टांगलेलं असतं. तरी विसी जरा बिचकतच होता.

"अरे, कोबीइतकं कायदेशीर आहे हे!" नोल्डी हसला. "कोबीने निदान पोट तरी फुगतं."

विसीने मान डोलावली आणि विषय तिथेच मिटला. पुढे काही विचारावं असं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आमचा शिरस्ता असा. संध्याकाळी दुधाची कॉफी, पाव आणि चीज झालं की विसी बाल्कनीत खुर्ची टाकायचा. सोमवार, बुधवार, गुरुवार, रविवार, आठ वाजून पाच मिनिटांनी. एकशे पंच्याऐंशी अंश. मी तापून तयार झालो की हातात थरथरायचो, मग तो सावकाश वाफ घ्यायचा आणि समोरच्या डोंगराकडे बघत पंधरा मिनिटं मुकाट बसायचा. त्याला बरं वाटायचं ते फुलाने की त्या पंधरा मिनिटांनी, हे मला आजही ठाऊक नाही. पण सहा महिन्यांत सिगारेटी सुटल्या. "हा पोरगा गुणाचा आहे," असं तो मला हातात घेऊन म्हणायचा, आणि माझी भट्टी थंड असली तरी मला ऊब वाटायची.

आणि एक वही होती. माझ्या डबीच्या कप्प्यात मावणारी, चौकटींची. विसी त्यात सगळं टिपायचा. तारीख, वेळ, किती अंश, किती फूल, आणि शेवटी दुसऱ्या दिवशीची पहिली बस किती वाजता. बहुतेकदा पाच बेचाळीस. ही वही त्याला कुणी लिहायला लावली नव्हती. माणूसच तसा. कचऱ्याच्या पिशवीचं तोंडसुद्धा पट्टी लावल्यासारखं सरळ बांधायचा.

माझ्याकडे मात्र हळूहळू दुर्लक्ष होत गेलं. बसच्या काचा स्वतःच्या हाताने पुसणारा हा माणूस, पण माझी जाळी चार-चार महिने साफ करायचा नाही. चिकट, काळा चीक साचत गेला. वाफ निघेना. मी गुदमरत होतो, आणि विसी अंश वाढवत होता. शेवटी जाळीच फाटली. एका मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, तो मला फडक्यात गुंडाळून नोल्डीकडे घेऊन गेला. नोल्डीकडे जास्तीची जाळी होती, ती बसवली, फुलाचं नवं पाकीटही घेतलं आणि आम्ही दहाच्या सुमाराला परत निघालो. वेळेवर साफ केलं असतं तर त्या सकाळी आम्ही त्या रस्त्याला लागलोच नसतो. हे मी रागाने म्हणत नाही. रागवायलाही जोर लागतो.

पुलापाशी पोलिसांची तपासणी चालू होती. गाडीपाशी आली ती सेराइना काडुफ. नऊ वर्षं विसीच्या बसने शाळेला गेलेली पोर, आता पोलिसात. तिच्यामागे शहरातून आलेला एक वयस्कर हवालदार, अबोल.

"इमहोफ साहेब! तुम्ही होय!" ती हसली. मग तिचं नाक हललं. "गाडीत वास कसला हो?"

"नोल्डीचं फूल. पाकिटावर शिक्का आहे बघ. सगळं कायद्यात."

"फूल कायद्यात आहे," सेराइना हळूच म्हणाली. "ते घेऊन गाडी चालवणं नाही. रक्तात त्या नशेच्या द्रव्याचा कण सापडला की झालं. तो साध्या फुलातून आला की गांजातून, हे कोणी विचारत नाही. कधी घेतलंत?"

"काल, आठ पाचला."

विसीने जन्मात कधी तोंडाला लावला नव्हता असा एक चपटा बोळा तिने त्याला जिभेवर फिरवायला दिला. आम्ही वाट बघत बसलो. मग बोळ्याच्या नळीत जी रेघ यायला नको होती ती आली.

सेराइना खिडकीशी वाकली. आवाज खाली आणून म्हणाली, "एखाद्या वेळी घेत असाल ना? म्हणजे, क्वचित?"

मित्रांनो, मी फडक्यात होतो, तरी मला कळलं. ती पोर त्याला दार उघडून देत होती. एक "हो" म्हणायचा अवकाश होता.

विसीला राग आला. "क्वचित? छे! आठवड्यातून चार वेळा, ठरलेल्या वारी. थांब, वहीच दाखवतो तुला."

"वही नको, इमहोफ साहेब. आत ठेवा ती."

"अगं बघ तरी! दर वेळी बसच्या आधी नऊ तास सदतीस मिनिटं सोडलीत. सात वर्षांत एकदासुद्धा कमी नाही!"

"अहो, ठेवा म्हणते ना!"

"द्या इकडे," मागचा हवालदार म्हणाला. एवढे दोनच शब्द. वही त्याच्या हातात गेली. तो एकेक पान उलटत राहिला आणि सेराइना नदीकडे बघत उभी राहिली.

नुसतं रक्त तपासून भागलं असतं तर तीन महिने परवाना जाऊन निभावलं असतं, असं पुढे वकिलाने सांगितलं. पण वही बोलत होती की हा माणूस नेहमीचा. परवाना बेमुदत गेला. वर्षभर फूल बंद, दर काही महिन्यांनी डोक्याचे केस कापून तपासणी, डॉक्टरचा दाखला, आणि मग बघू. विसी त्रेसष्ट पार केलेला. पासष्टला निवृत्ती. आपल्या बसवर परत बसायला मिळेल की नाही, हे कोणीच सांगेना. डेपोने त्याला बस धुवायला लावलं. ज्या बसच्या चाकामागे एकतीस वर्षं काढली तिच्या जमिनीवरची च्युइंगगम तो आता खरवडायला लागला.

त्या आठवड्यात नोल्डी बटाट्याची पिशवी घेऊन दारात आला. मी टेबलावरच पडलो होतो. मार्लिसने पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुझ्या कोबीने माझ्या नवऱ्याच्या हातात झाडू दिला बघ!"

"मला खरंच ठाऊक नव्हतं गं," नोल्डी म्हणाला. त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

"विकताना ठाऊक नको?"

"नोल्डीला बोलू नको," विसी म्हणाला. "मी विचारलं नाही. घ्यायची परवानगी आहे का, एवढंच बघितलं. घेतल्यावर काय करायची परवानगी नाही, ते बघितलं नाही."

"आणि तू! तुला कोणी सांगितलं होतं ती वही काढायला?" मार्लिसला रडू फुटलं. "त्या पोरीने सुटायची वाट हातात दिली होती रे!"

"वही लिहिली ती दाखवायलाच ना?" विसी म्हणाला.

मला माझीच लाज वाटली. वाटलं, आपण त्या कारखान्यातच नापास व्हायला हवं होतं.

मग मी खणात गेलो. सुतळी, मेणबत्त्यांची थोटकं आणि मी. चौदा महिने. सकाळी विसी पलंगावरून उठायचा तेव्हा त्याचं कण्हणं भिंतीतून यायचं. एकदा सिगारेटचा वास आला. मी खणात पडलेला, काय करणार होतो!

परवाना परत आल्याचं पत्र आलं तेव्हा निवृत्तीला अकरा आठवडे उरले होते. डेपोच्या साहेबाने फोन केला. विसी फोन कानापासून दूर धरतो, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"विसी, अकरा आठवड्यांसाठी कशाला दगदग? घरी बस, पगार चालू राहील."

"मला बस चालवायचीय," विसी म्हणाला आणि फोन ठेवला.

"आणि पाठ?" मार्लिसने विचारलं.

"माझीच आहे ती. कुठे पळून जातेय?"

खण उघडला. मला वाटलं, निदान आता... पण त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती ओळखीची नव्हती.

"राहू दे रे त्याला," मार्लिस म्हणाली. "निवृत्त झालास की..."

"निवृत्त झालो म्हणून गाडी सोडणार आहे का मी? दोन्ही नाही जमायचं, मार्लिस."

त्याने स्पिरिटची बाटली, कापूस आणि टाचणी घेतली, चष्मा लावला आणि मला उघडलं. अर्धा तास तो मला घासत होता. तोटी, भट्टी, जाळीचं एकेक भोक. आठ वर्षांत माझी इतकी सेवा कधी झाली नव्हती.

"टाकायच्या वस्तूला एवढं काय घासतोस?"

"असाच टाकला तर उघडणाऱ्याचे हात बरबटतील," विसी म्हणाला.

मग तो मला स्टेशनवरच्या दुकानात घेऊन आला. तिथे जुन्या विजेच्या वस्तूंसाठी एक मोठी पेटी ठेवलेली असते. त्याने मला फेकलं नाही. हात खोल घालून एका बंद पडलेल्या इस्त्रीवर अलगद ठेवलं, क्षणभर बोट टेकवलं आणि गेला. आता मी इथेच आहे. शुक्रवारी पेटी नेतात.

मित्रांनो, मला तुमची कीव नको. मागणं एवढंच. एखादी वस्तू तुमच्यासाठी राबत असेल तर ती राबत असतानाच पुसा. निरोपाच्या दिवशी घासून लख्ख केलं तरी तिला त्याचा उपयोग नसतो. आणि एखादी गोष्ट चालते असं कोणी सांगितलं, तर तिच्यापायी दुसरं काय बंद होतं तेही विचारा. विचारायला लाजू नका. विसीसारखा सरळ माणूससुद्धा विचारायचा राहिला.

आज सोमवार. दुकान अजून उघडायचं आहे. पाच बेचाळीसला बाहेर बस सुरू झाली आणि डोंगराकडे निघाली. पहिल्या आंधळ्या वळणावर इथले ड्रायव्हर तीन सुरांचा भोंगा वाजवतात. विसीच्या जागी आलेला पोरगा दुसऱ्या सुरालाच घाई करायचा, तिसरा अर्धवट तुटायचा. खणात पडल्यापडल्या चौदा महिने मी तेच ऐकलं होतं.

आज तिन्ही सूर पुरते वाजले. विसीची पाठ दुखत असणारच.