अप्पांच्या ट्रकचा रुसवा

"ह्या ट्रकपेक्षा घरजावई परवडला. तो निदान जेवायच्या वेळी तरी उठतो," गर्दीत धाकटीच्या कानाशी न्हावी पुटपुटला.

धाकटीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वडील, म्हणजे अप्पा, गेल्यापासून त्यांचा म्हातारा पेट्रोलचा ट्रक तीच चालवत होती. उन्हात ट्रक गुणी बाळ. धुकं पडलं की नुसता खोकायचा. गल्लीला मात्र करमणूक, कारण मग धूरमहाराज यायचे. बॉनेटखाली निखाऱ्यांचं भांडं धरून दहा मिनिटं गुणगुणायचे, "आत्म्या, शांत हो, इंजिना, जागा हो." आणि ट्रक खरंच सुरू व्हायचा! लोक हात जोडायचे. पेट्रोलशेजारी निखारे नेऊन कुणी भाजलं नाही, खरा चमत्कार तेवढाच.

आज महाराजांनी कारणही सांगून टाकलं. मुलीने स्टिअरिंग धरलेलं अप्पांना रुचत नाही. किल्ली थोरल्या भावाकडे द्या, नाहीतर ट्रक कायमचा बसेल. थोरल्याला ट्रक नको होता, पण बापाच्या आत्म्याला नाही कोण म्हणणार? त्याने किल्ली खिशात टाकली.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण डोळे उघडेच होते. महाराजांचं भांडं दर वेळी एकाच जागी थांबतं, हे तिने हेरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुकं. थोरल्याने किल्ली फिरवफिरव फिरवली, ट्रक ढिम्म. धाकटीने वहिनीचा केस वाळवायचा ड्रायर आणला आणि मंत्रबिंत्र न म्हणता त्याच जागी दहा मिनिटं धरला. ट्रक सुरू.

"अप्पांचे केस ओले होते वाटतं," ती थोरल्याला म्हणाली.

इंजिन बंद करून तिने प्लगांना वीज वाटणाऱ्या डब्याचं काळं झाकण काढलं. त्याला केसाएवढी चीर होती. ओल धरली की ठिणगी प्लगकडे न जाता चिरेतूनच पळायची. ऊब लागली की चीर वाळायची. चिरेवर जुनाट चिकटपट्टी होती. ती पाहून थोरला, वहिनी, न्हावी, सगळे एकदम आभाळ न्याहाळू लागले.

धाकटीने दुकानातून नवं झाकण, आतला रोटर, प्लग आणि वायरी आणल्या. क्रम चुकू नये म्हणून एक वायर काढायची, तिथे नवी लावायची, मगच दुसरी. महाराज भांडं घेऊन पोचले तेव्हा ती परीक्षा म्हणून नव्या झाकणावर मुद्दाम ओलं फडकं फिरवत होती. किल्ली फिरवताच ट्रक गुरगुरला.

"पाहा, अप्पा प्रसन्न झाले," महाराज लगेच म्हणाले.

दारात उभी असलेली आई खाली आली. तिने थोरल्याकडून किल्ली मागून घेतली आणि धाकटीच्या काळ्याकुट्ट तळहातावर ठेवली.

"गाडी अडली तर बॉनेट उघडून बघावं, मेलेल्या माणसाला कशाला उठवता? ती पट्टी ह्यांनीच लावली होती. माणूस सोन्यासारखा होता," आई म्हणाली, "पण ह्यांना ट्रक दुरुस्त करता येत नव्हता."