पांढरे पट्टे

तिच्या नखाच्या कडेला अडकलेला पांढरा रंग – रॉकेलनं घासूनही निघाला नव्हता, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात समोर बसलेली तिची वकीलबाई नेमकी त्याच बोटाकडे बघत होती. बघ बाई, बघ. तूच म्हणालीस ना, जुन्या झाडांना पट्टे ओढा, कोर्टाला कळायला सोपं जाईल? लाकूड कंपनीत पांढरा पट्टा म्हणजे तोडायचं झाड, हे तुझ्या जाडजूड पुस्तकांत नव्हतं वाटतं... चार माणसांच्या कवेत न मावणारी झाडं, मी कंबर मोडून ओढलेल्या रेघेवरच कापली मेल्यांनी. करवतीला आखूनच दिलं म्हणा.

"कंपनी म्हणते, खूण दिसली म्हणून तोडलं," वकीलबाई म्हणाली. "पण पट्टे कोर्टासाठी आहेत हे मॅनेजरला आधीच माहीत होतं, एवढं तुमच्या मुलानं आत सांगितलं, तर उरलेल्या जंगलाच्या तोडीला आज स्थगिती मिळेल."

मुलगा शेजारीच होता. त्याच कंपनीच्या आरागिरणीत कामाला; अंगाला भुश्शाचा वास – आईच्या केसला येतानाही.

"बोल की रे! का जीभही गिरणीत ठेवून आलास?"

"आई, इथं तरी नको."

"घरी नको, इथं नको. मग काय मसणात बोलायचं?"

त्यानं बुटावरचा भुस्सा झटकला. मग म्हणाला, "माहीत होतं मॅनेजरला. सांगतो मी."

वकीलबाईचा चेहरा उजळला. आईनंही मान ताठ केली – बघा म्हणावं, पोटचा आहे माझा! – आणि तशीच ताठ राहिली. मॅनेजरला सांगितलं कुणी? पट्ट्यांचं मी बोलले ते फक्त घरात, जेवताना. सून माहेरी गेलेली, पानावर आम्ही दोघंच. "कुठल्या बाजूनं सुरुवात केलीस, आई?" यानं विचारलं होतं. कित्येक वर्षांत यानं मला काही विचारलं नव्हतं... वाढायचं सोडून मी सांगत बसले, ओढा, उतार, सगळं, हातवारे करून.

आतून पुकारा झाला. तो उठला, सदरा खाली ओढला. हा बोलेल, आणि कंपनीचा वकील पुढचाच प्रश्न विचारेल – मॅनेजरला सांगितलं कुणी? – तो काय दूधखुळा आहे?

सकाळपासून याची जीभ सुटावी म्हणून ती दातओठ खात होती. आता तीच जीभ टाळ्याला चिकटावी असं वाटत होतं. जाऊ दे ते जंगल, असं आत कुणीतरी म्हणालं... त्या भित्र्या बाईला मी आजवर उंबरा ओलांडू दिला नव्हता.