मळक्या स्पंजाचं मागणं

मासा मारायला निघाला होतात तुम्ही, मुदीरसाहेब! गळ नाही, जाळं नाही, नुसत्या कागदाने. ‘सर्व टाक्यांतील घाणेरडे स्पंज तात्काळ काढावेत’ असा हुकूम काढलात, खाली सही ठोकलीत आणि कॉफी प्यायला निघून गेलात.

मागच्या खोलीत फिद्दा भिंतीवर डकवलेला तो हुकूम वाचत उभी राहिली. जॉर्डनच्या अकाबा बंदरातल्या ज्या सरकारी मत्स्यालयाचे तुम्ही मुदीर, म्हणजे संचालक, तिथे नवा मासा आला की महिनाभर तिच्या ताब्यात, वेगळ्या छोट्या टाकीत राहतो. त्याचा रोग मोठ्या टाकीत जाऊ नये म्हणून. तेव्हा तिथे निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा एक ऐटबाज मासा होता. अंगावर पांढरे ठिपके घेऊन आलेला, तांब्याच्या औषधावर ठेवलेला. फिद्दा त्याला ‘शेख’ म्हणायची.

शेख खायचा तसा पाण्यात अमोनियाही सोडायचा. तो अमोनिया फस्त करणारे जिवाणू जुन्या स्पंजात वस्तीला असतात; नव्या टाकीत ते कुठून येणार? म्हणून फिद्दाने मोठ्या टाकीत महिनाभर मुरवलेला स्पंज शेखच्या टाकीत लावला होता. मळका, बुळबुळीत, म्हाताऱ्या उंटाच्या जिभेसारखा. तुम्ही तो स्वतःच्या हाताने उपसलात आणि कचऱ्यात फेकलात.

“अम्मानहून पाहुणे येतायत, त्यांना हे दाखवणार?”

“मुदीरसाहेब, ती घाण नाही. तेच तर टाकीचे झाडूवाले आहेत.”

“झाडूवाले मी पगारावर ठेवलेत. पाणी बघ, कसं काचेसारखं आहे! पुन्हा स्पंज दिसला तर तू घरी.”

शिवाय जाताजाता मूठभर कोळंबी टाकीत सोडलीत. पाण्यातला पाहुणा उपाशी राहू नये, ही तुमची माणुसकी. तिचाही अमोनियाच झाला!

चार दिवस फिद्दा सकाळ-संध्याकाळ अर्धं पाणी बदलत राहिली. कंबर मोडली, पण मासा तगला. मग पाहुण्यांच्या आदल्या दिवशी तुम्ही समुद्राच्या पाण्याचा पंपच बंद केलात. का? तर अंगण ओलं होतं! अमोनिया मारायची बाटली होती, पण तांब्याच्या औषधात ती ओतणं म्हणजे विषात विष. सकाळी फिद्दाने काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवंगार झालं; अमोनिया चढला होता. शेख पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होता.

ती नळी घेऊन ती अबू झैदानकडे गेली. तो मत्स्यालयाचा कॉफीवाला, मिशीतल्या मिशीत हसणारा, तिला मुलाच्या नावावरून ‘उम्म राकान’, राकानची आई, म्हणणारा. त्याने चुलीमागची बादली पुढे ओढली. आत समुद्राचं पाणी, हवेची नळी बुडबुडतेय, आणि मधोमध तोच स्पंज.

“कचऱ्यातून उचलला, उम्म राकान. रोज कोळंबीचा तुकडा घालतो. तुझे झाडूवाले माझ्याकडे जेवायला असतात.”

“अरे माझ्या राजा! पण टाकीत घातला की माझी नोकरी गेली.”

“मग चोरून कशाला घालतेस? हक्काने माग. आज पाहुण्यांसमोर कॉफी मी ओतणार आहे.” त्याने कॉफीचा बिनकानाचा छोटा कप उचलून एक भुवई उडवली. “फिंजान भरून देणं माझं काम. कुठे ठेवायचं ते तुझं तू बघ.”

अकरा वाजता तुम्ही पाहुण्यांना घेऊन मागच्या खोलीत आलात. पुढे पांढऱ्या दाढीचे हाजी दैफल्लाह, मागे सहा सूट. तुम्ही काचेवर बोट आपटून पाण्याची तारीफ करत होतात. अबू झैदानने सगळ्यांना कॉफी दिली आणि ‘चुकून’ फिद्दालाही एक फिंजान भरून दिलं. तिने ते ओठाला न लावता टाकीच्या कडेवर ठेवलं.

हाजींचा हात अर्ध्यावर थांबला.

“मुदीर, तुमच्या उंबऱ्याच्या आत कुणीतरी फिंजान खाली ठेवलंय.”

“छे हो, गरम असेल.”

“गरम असतं तर फुंकर मारली असती. बाई, बोल, काय मागणं आहे?”

कॉफी न पिता फिंजान खाली ठेवलं म्हणजे काही मागणं आहे, आणि ते मान्य होण्याआधी कॉफी निवली तर यजमानाची अब्रू गेली, हा तिथला जुना रिवाज. हाजींनी आयुष्यात असं फिंजान मुलीच्या मागणीसाठी ठेवलेलं पाहिलं होतं, खुनाच्या माफीसाठीही पाहिलं होतं.

“एक मळका स्पंज, हाजी.”

“काय?”

“स्पंज. भांडी घासायचा नव्हे, मासा जगवायचा.” तिने हिरवी नळी वर धरली. “हे पाणी काचेसारखं आहे ना? त्याच पाण्यात हा गुदमरतोय.”

हाजींना नळीतलं काही कळलं नाही. माशाचं उघडझाप करणारं तोंड मात्र कळलं. सूट खिदळत होते, त्यांच्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं आणि ते गप्प झाले.

“कॉफी निवतेय, मुदीर.”

तुमच्या कपाळावर घाम. “दिला! दिला म्हणतो ना! पंपही सोडतो. पी बाई आधी!”

फिद्दाने एका घोटात फिंजान रिकामं केलं. ती ते खाली ठेवते न ठेवते तोच अबू झैदान बादली घेऊन दारात.

“हा... इतक्यात कुठून आला?” तुम्ही पुटपुटलात.

“कचऱ्यातून, मुदीरसाहेब. तुमची आठवण म्हणून जपला होता.”

दुपारी अर्धं पाणी बदललं, संध्याकाळी पुन्हा. चौथ्या दिवशी नळी पिवळी आली आणि शेख काचेवर धडका मारून कोळंबी मागू लागला.

पण तुमचा हुकूम अजून त्याच भिंतीवर आहे. आता तर त्याला चौकटही बसवलीत. येत्या रविवारी दोन नवे मासे येतायत, मुदीरसाहेब, आणि फिद्दा रोज एक भरलेलं फिंजान घेऊन तुमच्या दारात बसणार नाही. पाहुण्यांसमोर दिलेला शब्द खरा, की भिंतीवरचा कागद खरा? रविवारच्या आत उत्तर द्या!