वाडगा खाली ठेवेपर्यंत

रुआन माओलिन माणसाची पारख पंपावरून करायचा आणि त्यात त्याला काहीच वावगं वाटत नसे. चीनमधल्या आमच्या दाशी गावात निम्म्या घरांच्या मागच्या अंगाला पंपांचाच कारखाना, मग पारख करायची ती आणखी कशावरून? भाजीवाली भाव सांगताना अडखळली की हा म्हणे, "हिने हवा धरली." सख्खा भाऊ मदतीला उशिरा आला तर म्हणे, "याला आधी पाणी भरून द्यावं लागतं, मग कुठे ओढतो."

त्याची एकुलती एक मुलगी युनफेई. वय सत्तावीस. वडिलांच्या शेडमध्ये तयार झालेला प्रत्येक पंप तिच्या हाताखालून जायचा, तिने मान डोलावली तरच पेटीत बंद व्हायचा. पण प्रेमात पडली ती बालवाडीच्या मास्तराच्या. प्रेमाला काय, डोळे नसतात म्हणतात. तिच्या प्रेमाला पंपाचं ज्ञानही नव्हतं.

शाओ काइमिंग हे त्या मास्तराचं नाव. मागच्या पानगळीत तो पहिल्यांदा घरी आला, तेव्हा माओलिनने चहासुद्धा न विचारता त्याला थेट शेडमध्ये नेलं. ओळीने पंप मांडलेले. माओलिन म्हणाला, "समज, उसाची काकवी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत न्यायचीय. यातला कुठला लावशील?"

काइमिंगने ओळीकडे पाहिलं. त्याला सगळे पंप एकाच आईची पोरं वाटत होते. शेवटी घाम पुसत तो म्हणाला, "जोरदार पंप लावीन, काका."

झालं. पाचव्या मिनिटाला स्वारी रस्त्यावर.

"जोरदार म्हणे!" माओलिन आठवडाभर घरात धुसफुसत होता. "काकवीला जोर काय कामाचा? माझ्यामागे ही शेड कोण बघणार? जावई आणायचा तर पंपवाला आणायचा. गाणी शिकवणारा काय करायचाय?"

"शेड मी बघते की," असं युनफेई दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा माओलिनने "तू आहेसच गं" म्हणून तिच्याकडे न बघता चहा ओतून घेतला. युनफेईला त्या वाक्याचा जेवढा राग आला, तेवढा काइमिंगला हाकलल्याचाही आला नव्हता.

मग आली नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्याची चतुर्दशी. त्या दिवशी आमच्या गल्लीत घराघरात त्साओगंग शिजतो. तांदळाच्या पिठाने दाट केलेला खारा रस्सा, त्यात कालवं, शिवल्या, बांबूचे कोंब, टोफू, पालेभाजी आणि घरात जे काय असेल ते. आपला वाडगा घेऊन कोणीही कोणाच्याही दारी जावं. पातेल्यात त्साओगंग आहे तोवर पाहुण्याला उठ म्हणता येत नाही, आणि वाढलेलं नको म्हणायची पाहुण्यालाही सोय नाही. पाहुणा काही मागणं घेऊन आला असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्याने आपला वाडगा खाली ठेवेपर्यंत त्याने तोंड उघडायचं नाही. एकदा का वाडगा खाली ठेवला, की मात्र त्याचं पुरतं ऐकून घ्यावंच लागतं.

काइमिंग दुपार कलताच वाडगा घेऊन दारात हजर झाला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर परीक्षेला बसणाऱ्याचा रंग.

"या, या," माओलिन म्हणाला. तो इतक्या गोड आवाजात बोलला की युनफेईने आईकडे पाहिलं. बाबा गोड बोलले की समजावं, काहीतरी घाट घातलाय.

घाट होताच. माओलिनने सकाळीच बायकोला बजावलं होतं, "यंदा लहान पातेलं घे. फार तर आठ वाडगे व्हायला हवेत." आणि आता तो अंगणाच्या तोंडाशी, स्वयंपाकघराच्या दारासमोर खुर्ची टाकून बसला. एका हातात वाडगा, दुसऱ्या हातात खायच्या काड्या. खात होता एका वेळी एक वाटाणा. मधल्या वेळात ढगांकडे बघत होता. आठ वाडगे संपले, पातेल्याच्या बुडावर डाव वाजला, की पाहुण्याने उठायचं. तोवर वाडगा हातातून सोडायचा नाही, एवढाच त्याचा डाव.

काइमिंगने तीन वाडगे संपवले. माओलिनने चार वाटाणे.

युनफेई स्वयंपाकघरात गेली. आईने पातेलं तिरकं करून दाखवलं. पाच वाडग्यांचं उरलं होतं, तेही ओढूनताणून.

"मी सावकाश वाढते," आई कुजबुजली. "पण तुझे बाबा त्या वाटाण्यांशी गप्पा मारत बसलेत."

युनफेई बाबांच्या समोरूनच अंगणाबाहेर पडली आणि भिंतीला वळसा घालून शेजारच्या मो काकूंच्या अंगणात शिरली. यंदा गल्लीची मोठी काहील मो काकूंकडे होती. शंभर वाडग्यांचा त्साओगंग तिच्यात रटरटत होता.

"काकू, तुमच्यातला थोडा द्या ना."

"थोडा कशाला, बादलीभर ने!"

"बादली घेऊन गेले तर दिसेन. बाबा दोन्ही दारांवर नजर ठेवून बसलेत. आले तेव्हा हात रिकामे होते म्हणून काही बोलले नाहीत."

मो काकूंनी भिंतीपलीकडे माओलिनच्या स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीकडे पाहिलं. गज एवढे जवळ की मांजरही आत शिरताना दम धरेल. "मग गं?"

युनफेईने खिडकीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, काहिलीकडे पाहिलं. तिच्या डोक्यात जे आलं ते दुसऱ्या कुठल्या गावातल्या मुलीच्या डोक्यात आलं नसतं. तिला एकदम हसू फुटलं. ती मागच्या शेडकडे पळत सुटली.

शेडमध्ये मात्र तिचं हसू क्षणभर आवरलं. कुठला? बाबांचा लाडका, घराण्याचा मानबिंदू सेंट्रिफ्युगल पंप. पाण्याला बादशहा, पण दाट रश्शात नुसता गरगरेल आणि हाती लागलंच तर कालवांची चटणी करून देईल. गिअर पंप तेलाला छान, पण दातांत शिवल्या सापडल्या की शिवल्या गेल्या आणि दातही गेले. डायफ्रॅम पंप घाण, चिखल, खडे काहीही गिळतो, पण धाडधाड असा वाजतो की बाबा झोपेतही ओळखतील. स्क्रू पंप एरवी दाट मालाचा राजा, पण एक क्षण कोरडा चालला की आतलं रबर जळतं, आणि काहिलीतून नळी वर आली तर? मग तिची नजर कोपऱ्यात गेली. होज पंप. दूधवाल्यांच्या ऑर्डरीतला नमुना, जाड नळी कोरी, अजून प्लास्टिकात गुंडाळलेली. दोन रोलर गोल फिरतात, नळी दाबत दाबत माल पुढे ढकलतात.

"माझ्या काहिलीत ग्रीस पडलं तर बघ!" ढकलगाडीवरचं ते धूड पाहून मो काकू डाव उगारून म्हणाल्या.

"काकू, यात रस्सा नळीला शिवतो, पंपाला शिवतच नाही. आणि नळी आत्ताच उकळत्या पाण्याने धुतलीय."

नळीचं एक टोक काहिलीत, दुसरं भिंतीवरून गजांतून आत. आईने ते हातात धरलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "देवा, मी कुठल्या घरात पडले." युनफेईने वेग अगदी कमी ठेवला; आई भरलं म्हणाली की थांबवायचं ठरलं. डुब… डुब… डुब… आणि नळीच्या तोंडातून पहिलं कालव पातेल्यात पडलं. अख्खं.

आईने खिडकीतून अंगठा दाखवला. युनफेईने मो काकूंना मिठीच मारली.

यानंतरचा तासभर गल्लीने पाहिलेला नाही, पण ऐकला मात्र अनेकदा. काइमिंगचा आठवा वाडगा झाला, पातेल्याच्या बुडावर डाव वाजला नाही. नववा झाला, दहावा झाला. काइमिंगला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने घरून निघताना पट्टा एक भोक सैल केला होता, तो आता पूर्ण सोडला. अकराव्याला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाराव्याला तो हळूच युनफेईच्या आईला म्हणाला, "काकू, अर्धाच…" आणि आईने त्याच्यापेक्षाही हळू सांगितलं, "खा रे बाबा, तुझ्या लग्नाचंच जेवण समज."

माओलिनने काड्या थांबवल्या. त्याच्या ओठांची हालचाल होत होती. अडीच लिटरचं पातेलं, वाडगा पाव लिटरला जरा जास्त, बारा वाडगे. हिशोब बसेना. आयुष्यात त्याला कुठल्या टाकीने फसवलं नव्हतं.

तो उठला. वाडगा हातातच. स्वयंपाकघरात गेला. बायको नळी पाठीमागे लपवायला गेली तशी नळीने तिच्या पाठीवर एक घोट टाकला.

माओलिन वाडगा घेऊनच नळीच्या मागावर निघाला. खिडकी, भिंत, मो काकूंचं अंगण. तिथे त्याची मुलगी उकिडवी बसलेली, एक हात वेगाच्या बटणावर आणि कान पंपाला लावलेला.

युनफेईने वर पाहिलं. संपलं सगळं, तिला वाटलं.

"फेरे किती?" माओलिनने विचारलं.

"मिनिटाला अठरा."

"स्क्रू का नाही घेतला?"

"कोरडा चालला असता तर जळला असता. आणि काहील ढवळताना नळी वर येतेच."

"डायफ्रॅम?"

"तुम्ही बसल्या जागी ओळखला असतात."

माओलिन खाकरला. त्याने मो काकूंचा डाव घेतला, स्वयंपाकघरात जाऊन नळीच्या तोंडचं थोडं काढून आणलं आणि कालवं मोजली. "दहांतलं एक चिरडलंय."

"रोलरखाली सापडलं ते. लोब पंप असता तर दहाही अख्खी आली असती."

"मग लोब लावायचा."

"असता तर! गेल्या वर्षी एक घेऊ या म्हटलं, तेव्हा 'मिठाईवाल्यांचा पंप माझ्या शेडमध्ये नको' असं कोण म्हणालं होतं?"

मो काकू काहिलीआड तोंड लपवून हसल्या. माओलिनने हनुवटी खाजवली. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि आपला? आपला पंप नाही आठवला?"

युनफेईला खोटं बोलता आलं असतं. पण पंपाच्या बाबतीत खोटं बोलायला तिला याच माणसाने कधी शिकवलं नव्हतं.

"बाबा, आपला पंप इथे कुचकामी आहे."

पंप डुब डुब करत होता. मग माओलिन वाकला. नळी कुठे तापते का, रोलर सारखे दाबतात का, हे त्याला बघायचं होतं, आणि एका हाताने पंप बघणारा माणूस दाशीत जन्माला यायचाय. त्याने हातातला वाडगा मो काकूंच्या ओट्यावर ठेवला आणि दोन्ही तळवे नळीवर टेकले.

युनफेईने श्वास रोखला. मो काकूंनी रोखला नाही. त्या गल्ली दुमदुमेल एवढ्याने ओरडल्या, "ठेवला! माओलिनने वाडगा ठेवला!"

"ठेवला?" भिंतीपलीकडून आई ओरडली. "ए मास्तर, पळ!"

काइमिंग पळाला, म्हणजे त्याच्या परीने पळाला. एक हात पोटाखाली, एक हात भिंतीला. त्याच वेळी नळीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, आणि आईचा दुसरा आवाज आला, "अगं भरलं! उतू चाललं! चूल विझली!"

युनफेई बटणाकडे झेपावली, पण माओलिनचा हात आधी पोचला. त्याने बटण उलटं फिरवलं. रोलर थबकले आणि उलटे फिरू लागले. डुब… डुब… त्साओगंग आल्या वाटेने परत निघाला.

"अगं बाई, आता सगळंच माघारी चाललं!" आई किंचाळली.

"उलटाही चालतो!" माओलिन म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता की युनफेईला तो तिच्यापेक्षा लहान वाटला. "आफेई, बघ, उलटाही चालतो!"

"मला माहितीय, बाबा," ती म्हणाली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तोवर काइमिंग समोर येऊन उभा राहिला होता. त्याने कपडे सारखे केले, मान झुकवली, तोंड उघडलं आणि त्याला उचकी लागली. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा उचकी.

"याचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गेलाय," माओलिन म्हणाला. पण आता वाडगा खाली होता, ऐकणं भाग होतं. त्याने पंपाकडे बोट केलं. "बोलायच्या आधी एवढं सांग. हा कुठला पंप?"

काइमिंगने पंपाकडे पाहिलं. मग युनफेईकडे पाहिलं. "मला नाही कळत, काका. हिक्. यातलं मला कधीच काही कळणार नाही. फेईला विचारा ना. हिक्. मी तर सगळं तिलाच विचारतो."

माओलिन पंपाकडे बघत राहिला, मग मुलीच्या हातांकडे. रश्शाने माखलेले, एका नखाखाली ग्रीस.

"दोन वर्षं," तो हळूच म्हणाला, "पंपवाला माणूस मिळेना म्हणून मी अख्खं गाव पालथं घातलं."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," मो काकू काहील ढवळत म्हणाल्या.

"तुम्ही गप्प बसा हो, काकू." पण त्याच्या आवाजात धार नव्हती. "शेड तू बघशील?"

"बघतेच आहे, बाबा. चार वर्षं झाली. तुम्ही मला 'आहेसच' म्हणता आणि नवा माणूस शोधायला निघता. मला त्याचं फार वाईट वाटतं."

माओलिनने मान खाली घातली. मग ती वर केली ती काइमिंगकडे. "आणि तू काय करशील?"

"मुलांना गाणी शिकवीन. हिक्. भात चांगला करतो मी."

"मागायला काय आलास ते माग आता."

काइमिंगने मागितलं. मधे चार उचक्या आल्या, पण एकही शब्द गाळला नाही. माओलिनने पुरतं ऐकून घेतलं. मग ओट्यावरचा आपला वाडगा उचलला, काहिलीतून काठोकाठ भरून घेतला आणि एका घोटात निम्मा केला. दुपारपासून त्याच्या पोटात मूठभर वाटाण्यांपलीकडे काही गेलं नव्हतं.

"आजचं तिखटामिठाचं होतं," तोंड पुसत तो म्हणाला. "उद्या पौर्णिमा, उद्या गोडाचं असतं. ते फक्त घरची माणसं खातात. वाडगा मोठा घेऊन ये, जावईबापू."

काइमिंगचा रंग उडाला. त्याने दोन्ही हातांनी पोट धरलं, युनफेईकडे पाहिलं, आणि म्हणाला, "येतो, बाबा."