काळ्या पिशवीतली दहा मिनिटं

मित्रांनो, मी एक जुनी काळी पिशवी आहे. मला दोन बाह्या आहेत, पण गळा नाही, म्हणून मला पाहणारे आधी हसतात. पूर्वी कॅमेऱ्यात फिल्म असे. तिला उजेड लागला की तिच्यावरची चित्रं कायमची जळून जात. फिल्म अडकली, तर कॅमेरा माझ्या पोटात ठेवायचा, बाह्यांतून हात आत घालायचे आणि नुसत्या बोटांनी चाचपून ती सोडवायची. अंधार सांभाळणं एवढंच माझं काम.

मला एका शिंपीणबाईंनी शिवलं. फॅशनच्या एका मासिकात फोटोआधी कपडे अंगावर नीट बसवून देणं हे त्यांचं काम. त्यांची भाची तिथेच फोटोंवरचे डाग पुसायची. सात वर्षं तिने पुरुषांनी काढलेल्या फोटोंवरून बारीक ब्रश फिरवला.

"मावशी, बायका चालतात, धावतात," ती म्हणायची. "यांच्या फोटोत मात्र सगळ्या खांबासारख्या उभ्या."

"मग तू काढ," मावशी म्हणाल्या. भाचीने जुना कॅमेरा मिळवला आणि मावशींनी कोटाच्या उरलेल्या अस्तराचे दोन पदर जोडून मला शिवलं. कचेरीत तिला 'कॅमेराबाई' म्हणू लागले. त्यात कौतुक कमी आणि चेष्टा जास्त होती. त्या मासिकात तोवर एकाही बाईने फोटो काढला नव्हता.

दोन वर्षं ती संपादकांच्या मागे लागली. शेवटी त्यांनी हिवाळी अंकाचं मुखपृष्ठ तिच्यावर सोपवलं आणि लक्ष ठेवायला मुख्य छायाचित्रकारांना सोबत धाडलं.

तिने जागा निवडली बोटीच्या धक्क्याची. फोटोत दाखवायचे कोट दोनच होते. फोटोसाठी आलेली उंच मुलगी चारच्या बोटीने परत जाणार होती. पहिल्या कोटात ती वाऱ्याला छाती देऊन चालली, हमालांच्या मधून वाट काढत गेली, आणि अगदी शेवटी कॉलर तोंडावर उडाल्यावर मनापासून हसली. कॅमेराबाईने ते हसू टिपलं. फिल्म पुढे सरकवायची कळ ओढली आणि आत काहीतरी कट्‌कन तुटलं. फिल्म रिळापासून सुटली होती. आता ती मागे गुंडाळता येईना.

घड्याळात पावणेचार झाले होते. मावशींनी मुलीला दुसरा कोट चढवून तयार ठेवलं होतं.

"झाकण उघडा सरळ," मुख्य छायाचित्रकार म्हणाले. "पहिला रोल गेला तर गेला. नाहीतर बाजूला व्हा बाई, माझा कॅमेरा आहे. दुसऱ्या कोटाचे फोटो मी काढतो."

"दहा मिनिटं द्या," ती म्हणाली आणि दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून तिने मला मांडीवर घेतलं.

मित्रांनो, त्या क्षणी मला जे ठाऊक होतं ते तिला ठाऊक नव्हतं. आदल्या आठवड्यात एका खिळ्याला अडकून माझी शिवण उसवली होती. भोक मुगाएवढं, पण आरपार. तिने आत झाकण उघडलं आणि त्या भोकातून उन्हाची एक रेघ सरळ फिल्मवर आली. सांगायला मला तोंड नव्हतं. ती डोळे मिटून बोटांनी कडा चाचपत होती. तळहाताला घाम सुटलेला. ओला हात लागला तरी फिल्म बिघडते, म्हणून दोनदा हात बाहेर काढून तिने ते पदराला पुसले. बोटीने पहिला भोंगा दिला.

"सहा मिनिटं झाली," मुख्य छायाचित्रकार म्हणाले.

"अगं, ऊन पिशवीवर पडतंय," मावशी एकदम म्हणाल्या. "पाठ कर तिकडे."

ती बसल्या जागी वळली. रेघ विझली. नवव्या मिनिटाला फिल्म पत्र्याच्या डबीत बंद झाली. तिने नवा रोल भरला आणि दुसऱ्या भोंग्याच्या आत दुसऱ्या कोटाचे फोटो काढून झाले.

संध्याकाळी फिल्म धुतली. पहिल्या रोलमधले एकतीस फोटो स्वच्छ आले. शेवटचे पाच गुंडाळीच्या वरच्या वेढ्यात होते, ते जळले. ते हसू त्यातच होतं.

"ही पिशवी शिवली कुणी?" मुख्य छायाचित्रकारांनी माझं भोक उजेडात धरून संपादकांसमोर विचारलं. मावशींनी मान खाली घातली.

"मावशीने शिवली, ती नीटच होती," कॅमेराबाई म्हणाली. "निघताना तपासायला हवी होती ती मी. तपासली नाही."

संपादकांनी उरलेले फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. हमालांच्या मधून चालणाऱ्या मुलीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे मुखपृष्ठ. खाली नाव कसं छापू? नुसती आद्याक्षरं घातली तर बाई आहे हे कळायचं नाही."

"पूर्ण छापा," ती म्हणाली.

पुढे तिने चोवीस वर्षं फोटो काढले. मावशींनी माझं भोक दुहेरी टाक्याने बुजवलं. त्यानंतर रोज सकाळी कॅमेराबाई मला दिव्यावर उलटी धरून शिवण न् शिवण पाहायची. मग कॅमेरे बदलले, माझी गरज संपली. आता मी तिच्या कपाटाच्या तळाशी पडून असते. कुणी वापरत नाही, पण अंधार अजून पक्का आहे.

मित्रांनो, ज्या वस्तूंवर तुमचं काम अवलंबून असतं, त्यांना आपलं दुखणं सांगता येत नाही. घरातून निघण्याआधी त्यांना एकदा उजेडात धरून पाहा. आणि चूक झालीच, तर ती पिशवीवर ढकलू नका, शिवणाऱ्या हातांवर तर मुळीच नको.