पिसाचा गळ

मी एक गळ बोलतोय. असेन नखाएवढा. करंजडोहाच्या काठाला, पाण्यात उतरलेल्या एका मुळीला मी अडकून बसलो आहे. परवा माझ्यावर चार बोटं पाणी होतं. काल दोन बोटं राहिलं. आज सकाळपासून माझं पीस उघडं पडलं आहे आणि वाऱ्याने हलतं आहे. लांबून दिसत असेल ते. दिसू नये असं मला वाटतं. का, ते सांगतो. मला घाईने बोलता येत नाही, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

माझा जन्म इकडचा नाही. दूर उत्तरेला, जिथे हिवाळ्यात छपरावर बर्फ साचतो, तिथल्या एका घरात नेगीसाहेबांनी मला बांधलं. साहेब जंगलखात्यात होते. सुट्टीत घरी आले की खिडकीपाशी बसून गळ बांधायचे. बारीक तारेचा आकडा घेतला, त्यावर मेण लावलेला दोरा फिरवला, आणि कोंबड्याच्या मानेचं एक तांबूस पीस माझ्या अंगाभोवती गुंडाळलं. पिसाचे केस चहूबाजूंनी ताठ उभे राहिले आणि मी माशीसारखा दिसू लागलो. पाण्यावर ठेवलं तर त्या केसांच्या टोकांवर मी उभा राहतो. बुडत नाही.

त्याच दिवशी साहेबांनी दुसरा गळ बांधला. तो माझ्या उलट. अंगाला तांब्याची तार, मानेपाशी पितळेचा मणी. पाण्यातल्या दगडाखाली किड्याचं पिल्लू असतं ना, तसं त्याचं रूप. पाण्यात टाकला की सरळ तळाला जातो. तो माझा भाऊ.

आम्हाला एकत्र जोडायची साहेबांची एक रीत होती. काठीकडून येणारा दोरा माझ्या नाकात बांधायचा. मग माझ्या वाकणाला दुसरा, अजून बारीक दोरा बांधायचा, हातभर लांब. त्याच्या टोकाला भाऊ. वर मी तरंगतो, खाली तो चालतो. वरचे किडे टिपणारा मासा मला धरतो आणि तळाशी चरणारा त्याला. त्याला कोणी धरलं की मी गपकन खाली ओढला जातो. म्हणून बघणाऱ्याने माझ्याकडे बघत राहायचं.

हे सगळं ट्राउट नावाच्या माशासाठी होतं म्हणे. थंड, धावत्या पाण्यातला, अंगावर ठिपके असलेला मासा. मी तो जन्मात पाहिला नाही. साहेबांची बदली आलापल्लीला झाली आणि पत्र्याच्या छोट्या डबीत बसून मीही सागवानाच्या रानात आलो. पहिल्याच उन्हाळ्यात साहेबांनी नाल्यात हात घातला आणि हसले. पाणी चहासारखं गरम होतं.

तिथल्या विश्रामगृहावर बुधूभाऊ चौकीदार होते, स्वयंपाकही तेच करायचे. साहेबांनी त्यांना आमची जोडी बांधायला शिकवली. कोटऱ्या नावाचे इथले चांदीसारखे लहान मासे आम्हाला धरतात, हे बुधूभाऊंनीच साहेबांना दाखवलं.

"बुधू, इसी को देखते रहना," साहेब माझ्याकडे बोट करून म्हणायचे. "नजर हटी, मछली गई."

बुधूभाऊंची घरची रीत वेगळी होती. बांबूची काठी, दोरा, गांडूळ. दोरा बोटावर घ्यायचा. मासा आला की बोटाला कळतं. डोळे मोकळे राहतात. माणूस पाखरं बघतो, पायवाट बघतो, मागे कोण आलं ते बघतो. माझ्यासोबत तसं नाही. मला माणसाचे डोळेच लागतात.

साहेब गेले. जाताना डबी बुधूभाऊंना देऊन गेले. पुढे बुधूभाऊंची नोकरी संपली, ते आपल्या गावी आले आणि डबी छपराच्या वाशाला अडकवली गेली. बारा वर्षं मी तिथे होतो, सुयांच्या आणि बटणांच्या सोबतीने. बाकीचे गळ गंजून गेले. आम्ही दोघं भाऊ तेवढे उरलो. मधे एकदा नीलाबाईंनी, म्हणजे बुधूभाऊंच्या बायकोने, एका लग्नात मला पदराला टोचून नेलं होतं. बाया विचारायच्या, "हे काय व बाई?" त्या नुसत्या हसायच्या. माझ्या आयुष्यातला तो चांगला दिवस.

या हिवाळ्यात नीलाबाईंना ताप आला. महिनाभर उतरला नाही. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा त्यांच्या तोंडाची चव गेली होती. बुधूभाऊंनी साहेबलोकांना जेवू घातलेलं, पण बायकोला एक घास जाईना. वरण केलं, पेज केली, अंडं केलं. त्या भिंतीकडे तोंड करायच्या. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आलापल्लीच्या बाजारातून मासे आणले, तर म्हणाल्या, "बर्फाचा वास येते."

मग एक दिवस आपणच म्हणाल्या, "नाल्यातल्या कोटऱ्या असत्या त घोटभर रस्सा पिली असती."

पण नाल्याकडे कोणी जात नव्हतं.

गेल्या पावसाळ्यापासून नाल्याच्या अंगाला वाघ येऊन राहिला होता. आधी गावातल्या पोचूचे दोन बैल गेले. मग दिवाळीच्या आधी शेजारच्या गावची एक बाई गेली. गवत कापत होती, वाकलेली. गावात आता कोणी त्याचं नाव घेत नाही. नुसतं 'तो' म्हणतात आणि बोलणं बदलतात.

वनरक्षक सुनिल घरोघर फिरून समजावत होता. त्याने प्लास्टिकचे मुखवटे आणले होते, माणसाच्या तोंडाचे. डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. मागून येणाऱ्याला वाटावं, माणूस आपल्याकडेच बघतोय.

"नाल्याकडं जाऊच नका, भाऊ," सुनिल म्हणाला. "गेलेच त एकटे जाऊ नका. बोलत जा. अन् खाली बसू नका. वाकलेला माणूस त्याले जनावरच वाटते. उभ्या माणसाले तो भेते."

"उभ्यानं मासा कोण धरते बाप्पा?"

"त नका धरू ना मंग."

खाटेवरून नीलाबाई म्हणाल्या, "एक तोंड सांभाळता सांभाळता माये चाळीस वर्सं गेले. आता हा दुसरं तोंड देऊन राह्यला."

सुनिल हसला. बुधूभाऊही हसले. पण त्यांची नजर वाशाकडे गेली होती. मला ती डबीच्या फटीतून दिसली.

त्यांनी मनाशी हिशेब केला असावा. जाळं टाकायला चार माणसं हवीत, आणि चार माणसं यायला तयार नव्हती. गांडुळाच्या गळावर अर्धा दिवस बसावं लागतं. साहेबांच्या जोडीने वरचं आणि तळाचं पाणी एकाच वेळी धुंडाळून होतं. अर्ध्या तासात परत. त्यांनी डबी काढली, मी तरंगावं म्हणून माझ्या पिसाला मोहाच्या बियांचं तेल चोळलं आणि माझ्या वाकणाला भावाला बांधलं. गाठ पक्की पडली.

नाल्यातल्या या करंजडोहाच्या काठाला एक सपाट दगड आहे. बुधूभाऊ त्यावर उकिडवे बसले. उभं राहिलं की सावली डोहात पडते आणि कोटऱ्या पळतात. मासा म्हणतो बस, वाघ म्हणतो बसू नको. मधे ते म्हातारं माणूस.

त्या दिवशी तीन कोटऱ्या मिळाल्या. एक माझ्यावर, दोन भावावर. नीलाबाईंनी रश्शात कालवून दोन घास भात खाल्ला. मग तिसरा. बुधूभाऊ उठून दारात जाऊन उभे राहिले, बाहेर बघत. कितीतरी वेळ ते आत वळले नाहीत.

पुढच्या आठवड्यात परत गेलो. परत मासे मिळाले. नीलाबाई भिंतीला टेकून बसायला लागल्या.

तिसऱ्यांदा गेलो ते चार दिवसांपूर्वी. उन्हं कलली होती. मुखवट्याची दोरी कानाला काचत होती, म्हणून बुधूभाऊंनी तो काढून मागच्या करंजाच्या डहाळीला टांगला. त्यांना वाटलं असेल, मुखवट्याला बघायचंच आहे तर तिथूनही बघेल. मग ते दगडावर बसले आणि मला पाण्यावर सोडलं.

मी हळूहळू वाहत होतो. पाणी मला फिरवतं, तसा मी काठाकडे फिरलो. बुधूभाऊ दिसले. त्यांच्यामागे तो मुखवटा, लाल ओठांचा, हसरा. वारा नव्हता. पलीकडच्या फांदीवरचा खंड्या न ओरडता उडून गेला. मग मुखवटा थोडासा हलला.

मुखवट्याच्या खाली गवत होतं. ते दोन बोटं बाजूला झालं. मधे आणखी एक तोंड होतं.

बुधूभाऊंपासून पंधरा पावलं. फार तर सोळा.

बुधूभाऊ माझ्याकडे बघत होते. पापणीही न लवता. घरी चूल पेटवायची आहे, पाणी ठेवायचं आहे, हे सगळं त्या नजरेत होतं. इतक्या मायेने माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं, आणि मला ती नजर सोसवेना. मागे बघा, असं मी म्हणत होतो. पण गळाला आवाज नसतो. मला फक्त बुडता येतं, आणि तेही माझ्या मनाने नाही. मला न बुडण्यासाठीच बांधलेलं. वर त्यांनीच चोळलेलं तेल.

गवतातलं तोंड खाली झुकलं. खांदे वर आले.

तेवढ्यात माझ्या वाकणाला हिसका बसला. मी गपकन खाली गेलो. मासा नव्हता. या महिन्यात नाल्याचं पाणी उतरलं होतं, आणि बुधूभाऊंनी भावाचा दोरा पहिल्याइतकाच लांब ठेवला होता. तळाला जाऊन भाऊ मुळीत रुतला होता.

"लागला!" बुधूभाऊ ओरडले आणि ताडकन उभे राहिले. दोन्ही हातांनी काठी डोक्यावर उचलली.

पाण्याखालून मला ते ताडाएवढे दिसले. त्यांच्यामागे गवत कितीतरी वेळ तसंच राहिलं. मग मिटलं.

त्यांनी ओढलं, ढील दिली, परत ओढलं. दोरा काठीपाशी तुटला. बुधूभाऊंनी च्च केलं.

"राह्य बाप्पा तिथीच," ते मला म्हणाले. "पाणी उतरलं की येतो न्याले."

डहाळीवरचा मुखवटा काढून ते घाईने निघून गेले. दाबलं गेलेलं गवत त्यांच्या पायाजवळ होतं. त्यांनी बघितलं नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो पाण्यावर येतो. माझ्यापासून दोन हातांवर त्याची हनुवटी पाण्याला टेकते. जीभ आत-बाहेर होते आणि पाणी हलतं, तसं माझं पीस हलतं. पाणी पिऊन झालं की तो सपाट दगडाशी जातो. बुधूभाऊ बसतात ती जागा हुंगतो. मग करंजाखाली जाऊन बसतो. काल तर तो गेलाच नाही. रात्रभर तिथे होता. आत्ताही आहे. मला त्याचं शेपूट दिसतं आहे.

आणि पाणी उतरतं आहे. माशांना भुलवावं म्हणून साहेबांनी मला हे पीस दिलं. आता ते उघड्यावर हलतं आहे, आणि मला माहीत आहे कोण भुलून येणार ते.

पायवाटेवरून आवाज येतोय. दोन माणसांचा.

"अर्ध्यातच दम लागला तुले. काऊन आली तू?"

"तुमचं ध्यान त्या पिसावर. मागचं कोण पाहीन?" हा नीलाबाईंचा आवाज. "तुमी पाण्याकडं पाहा, मी रानाकडं पाह्यतो."

"उभं राहाचं त्राण नाई तुयात."

"बोलाचं हाय ना. सुनिल म्हणे, बोलत राहा. चाळीस वर्सं तुमी मले गप बस म्हणून राह्यले, आता कोणाले म्हणसान?"

त्या काठी टेकत आल्या. दोनदा नाल्याचे मासे खाल्ले, तेवढ्या बळावर. बुधूभाऊंच्या पाठीला पाठ लावून, रानाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बुधूभाऊंनी मला लगेच ओळखलं. ते दगडावर बसले, वाकले, हात पुढे केला.

"अन् मीठ कमी टाकत जा," नीलाबाई मोठ्याने म्हणत आहेत. "साहेबलोकाईले चाललं असन फिक्कं. मले नाई चालत. मागच्या रश्शात त नुसतं..."

बुधूभाऊंची बोटं पाण्यात आली आहेत. ऊब लागते आहे त्यांची. एक वीत राहिली.

करंजाकडे बघता बघता नीलाबाईंचं बोलणं थांबलं.

"काय झालं व? बोल ना," बुधूभाऊ म्हणत आहेत. त्यांची नजर माझ्यावरच आहे.

बुधूभाऊ, माझ्याकडे बघू नका. गळ गंजतात, तुटतात, त्यांचं काही नाही. मला इथेच सोडा. नीलाबाई का बोलत नाहीत ते बघा. त्यांना धरा, आणि उभे राहा. आधी उभे राहा.